हिरव्या हेल्मेटातला काका

इंदूर शहरात रागावण्यासारखं जे जे काही आहे, त्या प्रत्येकावर आमचा काका एकदा तरी रागावून झालेला आहे. पुलाचं काम चाललं होतं तेव्हा कामावर, संपलं तेव्हा पुलावर, पोह्यांत शेव कमी घालणाऱ्यावर, शेव इतकी घालणाऱ्यावर की खाली पोहे आहेत की नाहीत याची शंका यावी, कचऱ्याची गाडी लवकर आली म्हणून तिच्यावर आणि उशिरा आली म्हणूनही तिच्यावरच. एखाद्या दिवशी रागवायला काहीच सापडलं नाही तर त्याला कसनुसं व्हायला लागतं. मग आई मुद्दाम बिनसाखरेचा चहा पुढे करते. पहिला घोट घेताच काका कपाकडे बघतो, आईकडे बघतो, आणि साखर कारखान्यांपासून सुरू करून सरकारपर्यंत पोचतो. तेवढं झालं की त्याचा चेहरा खुलतो आणि तो तोच चहा आनंदाने संपवतो.

या रागाचा उगम शोधायला फार लांब जावं लागत नाही. आजोबा गिरणीत कारकून म्हणून इंदूरला आले, बाबा त्याच गिरणीत लागले, आणि मग गिरणीच बंद पडली. काका तेव्हा आठवीत होता. घरात येणारा पगार थांबला तशी त्याची शाळाही थांबली, आणि तो एका टेंटवाल्याकडे लग्नाच्या मांडवात झालरी बांधायला जाऊ लागला. बाबा शेवेच्या कारखान्यात पाकिटं भरायला लागले. मी जन्मले ती एका खोलीत, जिच्या मधोमध आईची जुनी साडी टांगून दोन खोल्या केल्या होत्या; साडीच्या अलीकडे स्वयंपाक आणि पलीकडे काका. कारखान्यात जी शेव मोडायची ती बाबांना घरी आणायला मिळायची, आणि आई ती तिखट रश्शात सोडून भाजी करायची. आठवड्यातले बरेच दिवस तीच. आजकाल लोक हॉटेलात जाऊन ही भाजी कौतुकाने मागवतात, फोटो काढतात. मला तो फोटो बघितला की अजून संताप येतो. तर सांगायचं हे, की आमच्या सगळ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी कोणी न विचारता सांगते, कारण विचारणारं कोणी भेटत नाही. मी बी.कॉम. झाले ती बाबांच्या मोडक्या शेवेवर आणि काकाच्या शिडीवर, आणि आता एका शाळेच्या ऑफिसात खुर्चीवर बसून नोकरी करते. काका मात्र मांडवातून घरांच्या वायरिंगमध्ये शिरला आणि केस पांढरे होईपर्यंत शिडीवरच राहिला.

त्याची पहिली खोड अशी, की तो कोणाच्याही घरी गेला तरी आधी बसत नाही. यजमान ‘या या’ म्हणत असतात, काकाची मान वर. छतापासून भिंतीपर्यंत वायर कुठून आली, कुठे गेली, मध्ये कोणी जोड दिलाय, तो टेपने गुंडाळलाय की नुसता पिळून सोडलाय, एवढं सगळं बघून झाल्यावर तो माणसांकडे वळतो. काकाचं लग्न झालं नाही त्याचं कारण लोक वेगवेगळं सांगतात, पण आईचं म्हणणं असं की दोन ठिकाणी जुळत आलं होतं आणि दोन्ही ठिकाणी त्याने मुलीच्या आधी स्विचबोर्ड बघितला. माझ्या वेळेलाही त्याने तेच केलं. महूला एका मुलाचं घर बघायला आम्ही गेलो होतो. लष्कराच्या वस्तीजवळचं ऐटदार घर, बाहेर कुंड्या, आत काचेच्या कपाटात कपबशा. हात धुवायला म्हणून काका बाथरूमकडे गेला आणि बराच वेळ आलाच नाही. आला तो हातात स्क्रू घेऊन. मुलाच्या आईला म्हणाला, “ताई, हा गीझर कोणी लगवला? ह्याला अर्थिंगच नाहीये. मतलब, रोज सकाळी तुम्ही नशिबावर अंघोळ करताय.” मुलाचे वडील म्हणाले, गीझर आमच्या जावयाने बसवलाय. काका म्हणाला, मग जावयाला घरात घेतानाही असंच न बघता घेतलंत का? पुढे चहा आला, पण कोणी प्यायलं नाही. परतताना बसमध्ये आई माझ्याकडे बघून पदराने डोळे पुसत होती, बाबा खिडकीबाहेर बघत होते, आणि काका मात्र त्या गीझरवरच चिडलेला होता. तो मुलगा मला फारसा आवडला नव्हता ही गोष्ट वेगळी, पण माझं स्थळ मोडण्याचा हक्क माझा होता, काकाचा नव्हता. हे मी त्याला तिथेच बसमध्ये ऐकवलं. त्यावर तो म्हणाला, “तू लग्न करून त्या गीझरखाली उभी राहिली असतीस ना, मग मला कोणाला ऐकवायला ठेवलं असतंस?” त्याने मी जास्तच चिडले.

देवाच्या दारीही तेच. माझा निकाल लागला त्या आठवड्यात आम्ही खजरान्याला गेलो. गणपतीसमोर रांग इतकी लांब की पुढची माणसं दिसेनात. पाय पोळत होते, पण आमचा नंबर हळूहळू पुढे सरकत होता, आणि एवढ्यात काकाला एका हारवाल्याच्या दुकानावर लोंबणारी उघडी वायर दिसली. त्याने हारवाल्याला सांगितलं. हारवाला म्हणाला, “भिया, दर्शन करो, आगे बढ़ो, पीछे लोग खड़े हैं।” झालं. काका रांगेतून बाहेर पडला, खिशातून टेप काढली, हारवाल्याच्याच स्टुलावर चढून वायर गुंडाळली, त्याला चांगलं खडसावलं, आणि मग शिस्तीचा माणूस म्हणून रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभा राहिला. आम्ही दर्शन घेऊन बाहेर आलो तेव्हा तो निम्म्यात पोचला होता आणि पुढच्या एका अनोळखी गृहस्थाला मंडपाच्या लाइटिंगबद्दल समजावत होता. ते गृहस्थ मान डोलवत होते, कारण त्यांना पळून जायला जागा नव्हती.

पण काकाची खरी ओळख म्हणजे त्याचा उलटा हात. वायरीत करंट आहे की नाही हे बघायला टेस्टर नावाची वस्तू असते. स्क्रूड्रायव्हरसारखी, मध्ये बारीक दिवा. काकाच्या खिशाला ती कायम असायची, पण तिचा उपयोग तो चहातली साखर ढवळायला आणि कानामागे खाजवायला करायचा. करंट बघायला तो आपल्या हाताची उलटी बाजू, बोटांची मागची पेरं, वायरीजवळ न्यायचा, हलकेच टेकवायचा आणि म्हणायचा, “आहे.” जुने मिस्त्री असंच करतात. त्यामागे त्याचं शास्त्रही होतं: सुलट्या हाताने करंट लागला तर मूठ आवळते आणि हात वायरीला चिकटून बसतो, उलट्या हाताने लागला तर हात झटक्याने मागे येतो. हे शास्त्र तो गल्लीतल्या येणाऱ्याजाणाऱ्याला शिकवायचा. त्याच उलट्या हाताने तो तवा तापलाय का बघायचा, माझ्या कपाळावर ताप बघायचा, आणि गर्दीत कोणी पाय दिला तर त्याला बाजूला सारायचा. त्या हाताचा त्याला गर्व होता. मला विचाराल तर मलाही होता.

आणि एवढं करून लोक त्याला काय म्हणत? लाइटवाला. वायर जळाली की सकाळपासून फोनवर फोन, काकाजी या, काकाजी लवकर या. आणि दिवा लागला की, अरे, चप्पल बाहेर काढा, गालिचा आहे. एका बंगल्यातल्या बाईंनी त्याला पाणी दिलं ते वेगळ्या भांड्यात. मी तेव्हा सोबत होते, शाळेचा गणवेश घालून. काकाने ते पाणी प्यायलं नाही, भांडं कट्ट्यावर ठेवलं आणि काम पुरं करून आला. त्या बाईंवर मात्र तो रागावला नाही. सगळ्या जगावर रागावणारा माणूस तिथे गप्प बसला, याचाच मला सगळ्यात जास्त राग आला, आणि तो राग मी अजून जपून ठेवला आहे.

मग एक दिवस बायपासच्या पलीकडे जिथे तो उंच इमारतींचं काम करायचा, तिथल्या गेटवर त्याला अडवलं. नियम बदलला होता: विजेचं काम करणाऱ्या प्रत्येकाकडे वायरमनचा सरकारी परवाना हवा, नाहीतर आत सोडायचं नाही. चौकीदार ओळखीचा, रोज याच्याकडून तंबाखू मागून खाणारा. म्हणाला, “काका, कार्ड दिखाओ।” काका म्हणाला, “ये जो तेरे माथे पे बत्ती जल रही है ना भिया, ये मेरी लगाई हुई है।” चौकीदाराने वर बघितलं आणि म्हणाला, “बत्ती तो आपकी है काका, मगर कार्ड?”

काका दुपारीच घरी आला. घरात बसून राहिलेला काका आम्ही कधी बघितला नव्हता. पहिला दिवस तो चौकीदारावर रागावला, दुसरा बिल्डरवर, तिसऱ्या दिवशी त्याचा राग दिल्लीपर्यंत पोचला, आणि चौथ्या दिवशी त्याचा आवाज बंद झाला. गल्लीतली बारीकसारीक कामं होती, पण नवीन घरं, नवीन इमारती, जिथे खरं काम, तिथे सगळीकडे आता हेच विचारणार होते. शिडी दाराशी पडून होती आणि आई तिच्यावर पापड वाळत घालू लागली. ते बघून मी उठले. शाळेच्या ऑफिसातल्या इंटरनेटवर नियम शोधून काढला, वाचला, पुन्हा वाचला, आणि त्याला सांगितला: आधी एखाद्या परवाना असलेल्या ठेकेदाराकडे शिकाऊ म्हणून नाव लावायचं, तिथे ठरलेला काळ काढायचा, मग लेखी, तोंडी आणि हाताची अशी परीक्षा द्यायची, पास झालं की परवाना.

“शिकाऊ?” काका म्हणाला.

तो शब्द त्याने दिवसभर तोंडात घोळवला. जेवताना म्हणाला, शिकाऊ. चप्पल घालताना म्हणाला, शिकाऊ. शेजारच्यांनी विचारलं काय झालं, तर म्हणाला, काही नाही, मी शिकाऊ आहे. बाबा त्याला समजावायला गेले तर तो म्हणाला, “दादा, तुला उद्या कोणी सांगितलं की शेव कशी भरायची ते शिकून ये, तर जाशील?” बाबा म्हणाले, पोटासाठी जाईन. बाबा कमी बोलतात, पण बोलले की पुढच्याला जागा ठेवत नाहीत.

ठेकेदार माझ्याहून थोडाच मोठा निघाला. डिप्लोमा झालेला, इस्त्रीचा शर्ट, पण माणूस सरळ. काकाला ‘काकाजी’ म्हणायचा आणि तरीही नियम सोडायचा नाही. त्याच्या साइटवर शिकाऊ लोकांना हिरवं हेल्मेट होतं, म्हणजे लांबून कळावं की ह्याला एकट्याला करंटजवळ सोडायचं नाही. काकाच्या डोक्यावर ते हिरवं हेल्मेट आलं. त्या दिवशी घरी येऊन तो म्हणाला, लग्नात घोड्याला पण तुरा लावतात, पण घोड्याला आरसा दाखवत नाहीत. शिवाय पद्धत अशी की नव्या शिकाऊने आधी खाली उभं राहून घोडी धरायची. घोडी म्हणजे ती दोन पाय फाकवून उभी राहणारी शिडी. जन्मभर वर चढलेला माणूस पहिल्यांदा खाली उभा राहिला, आणि खालून वर सूचना देऊ लागला. वायर अशी वळव, स्क्रू आधी तो लाव, अरे पकड कुठे धरतोस, भाजी चिरतोयस का. वरची माणसं वैतागून जायची.

त्याच्याबरोबर सांवेरची एक बाई शिकाऊ होती. आयटीआय झालेली, घरी नवऱ्याची सोयाबीनची शेती, रोज पहाटेची बस पकडून यायची. पहिल्या दिवशी काका तिच्यावरही रागावला, की आता बायकासुद्धा माझ्याबरोबर शिकाऊ. पण तिने त्याला दोन दिवसांत ताळ्यावर आणलं. ती वर, हा खाली घोडी धरून, आणि याचं भाषण सुरू. ती खाली न बघता म्हणाली, “काकाजी, तम घोड़ी पकड़ो। भाषण बाद में दीजो, टिफिन के टाइम।” त्या दिवसापासून टिफिनच्या वेळेला खरंच भाषण होऊ लागलं आणि ती लोणचं पुढे करून ऐकायची. काकाला आयुष्यात पहिल्यांदा असं कोणी मिळालं जे त्याचं सगळं ऐकून घेई आणि वर विचारी, मग पुढे? घरी येऊन तो सांगायचा, बाई हुशार आहे, माझा हात बघून बघून उचललाय तिने. कुठला हात हे आम्ही विचारलं नाही.

इकडे लेखी परीक्षेची तयारी मी घेत होते. सकाळी नळाला नर्मदेचं पाणी येण्याआधी तासभर, बादल्या रांगेत लावून, आम्ही दोघं ओट्याशी बसायचो. पुस्तक हिंदीत, मी समजावायची मराठीत, आणि तो भांडायचा दोन्हीत. ओहमच्या नियमाशी त्याचं वैर होतं. करंट, दाब आणि रोध यांचं ते साधं गणित मी पाटीवर मांडलं की तो विचारायचा, “ह्या ओहम साहेबांनी कधी गॅलरीत उभं राहून पंखा बसवला होता का?” मी म्हणायची, नसेल बसवला, पण परीक्षेत तेच विचारणार. तो म्हणायचा, म्हणजे पंखा बसवणारा नापास आणि न बसवणारा पुस्तकात. तेवढ्यात नळ यायचा आणि ओहम साहेब बचावायचे. तरी मी सोडलं नाही. मी स्वतः रडत रडत शिकलेली आहे, मला दुसऱ्याला शिकवायला फुलांचा गालिचा लागत नाही. ठरलेला काळ भरला, आणि लेखी परीक्षेत तो पास झाला, तोंडीतही.

हाताच्या परीक्षेची त्याला काळजीच नव्हती. जिन्याचा दिवा, म्हणजे खालूनही लावता येतो आणि वरूनही, तो एका फळीवर जोडून दाखवायचा होता. ठेकेदार बाहेरून बघत होता, त्याने नंतर सांगितलं की काकाजींनी वायरी अशा वळवल्या जशी आईने मुलीची वेणी घालावी. परीक्षकही वाकून बघत राहिले. मग ते म्हणाले, आता सप्लाय आला आहे का ते तपासून दाखवा. काकाने हात पुढे केला, उलटा केला, पेरं टेकवली आणि म्हणाला, “आहे.”

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, “आप जाइए।”

नापास. तो दिवस आमच्या घरात रागाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस होता आणि त्यात मी काकाच्याही पुढे होते. दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा घेऊन मी त्याला घेऊन त्या ऑफिसात गेले. परीक्षक म्हातारे, निवृत्तीला आलेले दिसले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की मी ग्रॅज्युएट आहे, मला वाचता येतं, आणि इतकं सुबक काम करणाऱ्या माणसाला कोणत्या नियमाने घरी पाठवता ते मला दाखवा. त्यांनी शांतपणे पुस्तक काढलं, पान उघडलं आणि नियम दाखवला. नियम होता. तो होता याचा मला आणखी राग आला. मग ते म्हणाले, “बिटिया, काम में मैंने इनको पूरे नंबर दिए हैं। मगर परमिट इस भरोसे का होता है कि ये आदमी शाम को घर लौटेगा। और जो इसको देखकर सीखेगा, वो भी।” काका म्हणाला, “साहब, मेरे हाथ को आज तक कुछ नहीं हुआ।” ते म्हणाले, तेच तर सांगतोय, तुमच्या हाताला. आम्ही बाहेर आलो. स्कूटरवर मागे बसून काका घरापर्यंत त्यांना नावं ठेवत होता आणि मी प्रत्येक सिग्नलला त्यात भर घालत होते.

त्यानंतर महिना झाला असेल नसेल. उन्हाळ्याचे दिवस, घामाने हात चिंब. साइटवर तिसऱ्या मजल्यावर सांवेरवाली घोडीवर होती, काका खाली. तिच्या डाव्या कोपराला भिंतीतला लोखंडी पाइप टेकलेला, टेस्टर खाली पिशवीत. ठेकेदाराने करंट बंद करायला सांगितलं होतं, तो बंद झालाय का एवढंच बघायचं होतं. काका टेस्टर द्यायला वाकला तेवढ्यात ती वरून म्हणाली, “रहने दो काकाजी, तमारी वाली तरकीब है ना।” आणि तिने बोटांची पेरं टेकवली. करंट बंद झालेला नव्हता. हात झटक्याने मागे आला आणि ती घोडीसकट खाली आली. काका मध्ये पडला म्हणून ती फरशीवर न आपटता त्याच्यावर आणि सिमेंटच्या गोण्यांवर पडली. मनगट मोडलं. काकाच्या बरगड्यांना मार लागला, पण तो उठून तिच्या नावाने हाका मारत राहिला, ती डोळे उघडेपर्यंत.

दवाखान्यात प्लास्टर घालून ती हसायला लागली. तिचा नवरा नुकताच सांवेरहून धावत आलेला, दारात उभा. ती म्हणाली, काकाजी, चूक माझी आहे, तुमच्यासारखा हात मला जमला नाही.

काका म्हणाला, “तेरा हाथ बिल्कुल बरोबर जमा था। इसीलिए गिरी।”

घरी आला तेव्हा तो कोणावरच रागावलेला नव्हता. आईने घाबरून बिनसाखरेचा चहा दिला. तो त्याने पूर्ण प्यायला आणि कप स्वतः धुवून ठेवला. आई स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, आता काय करायचं ग?

करायचं काय ते काकानेच ठरवलं. तो मला म्हणाला, तुझी शाळेतली फूटपट्टी काढ, आणि माझा हात जेव्हा जेव्हा उलटा पुढे जाईल तेव्हा मार. मी मारली. आई माझ्यावर ओरडली, मोठ्या माणसाला मारतेस? पण काका म्हणाला, वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका, ती पुस्तकातून शिकलीय, तिला माहीत आहे. तव्याजवळ हात गेला की पट्टी, भिंतीजवळ गेला की पट्टी. इतकी वर्षं बोटांत बसलेली गोष्ट काढायची म्हणजे सोपं नव्हतं. त्याचा हात स्वतःच्या मनाने जायचा आणि तो त्याच्याकडे परक्यासारखा बघायचा. एकदा बाबांना ताप आला. काकाचा हात सवयीने त्यांच्या कपाळाकडे निघाला आणि मध्येच थांबला. तो खालच्या औषधवाल्याकडे जाऊन थर्मामीटर घेऊन आला. मी पट्टी हातात घेऊन उभी होते, ती मी हळूच मागे लपवली.

दर रविवारी तो सकाळी नाहीसा व्हायचा. आम्हाला वाटलं साइटवर जातो. मग एकदा सांवेरवालीच्या नवऱ्याचा फोन आला, की काकाजींना सांगा, आज येताना ते हिंदी पुस्तक विसरू नका. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये, तिची परीक्षा पुढे गेलेली, आणि काका बस पकडून तिच्या अंगणात जाऊन तिला धडे वाचून दाखवत होता. करंट, दाब, रोध. ज्या ओहम साहेबांना त्याने माझ्या ओट्यावरून हाकलून दिलं होतं, त्यांची वकिली तो सांवेरला जाऊन करत होता. मी विचारलं, तर म्हणाला, “यार, तो माणूस वाईट नव्हता. तूच त्याला नीट समजावला नाहीस.” मला इतका राग आला की ती पाटी मी उचलून कोपऱ्यात टाकली.

दोघांनी परीक्षा एकाच दिवशी दिली. परीक्षक तेच. काकाने जिन्याचा दिवा जोडला. सप्लाय तपासायला सांगितल्यावर त्याने रबराचे हातमोजे घातले, खिशातून टेस्टर काढला, तो आधी चालू असलेल्या बोर्डवर लावून दिवा लागतो का बघितलं, मग समोरच्या वायरीवर लावला, मग मेन बंद करून पुन्हा लावला. परीक्षकांनी लिहून घेतलं आणि पुढच्याला बोलावलं. काका बाहेर आला तो धुमसत. एवढं सगळं केलं, तो माणूस एक शब्द बोलला नाही, म्हणाला. ‘शाबास’ म्हणायला काय जीभ झिजते? मी म्हटलं, काका, बरं वाटलं तुझा आवाज ऐकून. सांवेरवाली मागून आली, प्लास्टर निघालेला तिचा हात अजून बारीक दिसत होता, आणि तिने आपण काय काय बरोबर केलं ते त्याला सांगायला सुरुवात केली. ते दोघं रस्त्यावरच उभे राहून भांडल्यासारखे बोलत राहिले.

परवाना आला त्या दिवशी काकाने पाकीट स्वतः उघडलं नाही, बाबांच्या हातात दिलं. बाबांनी चष्मा लावला, कार्ड उलटसुलट केलं, आणि वडिलांचं नाव लिहिलं होतं तिथे अंगठा फिरवला. आजोबांचं नाव. मग ते म्हणाले, “छान छापलंय.” काका म्हणाला, फोटो फार खराब काढलाय, त्यात मी चोर दिसतो. पण ते म्हणताना त्याचा आवाज चढला नाही.

आता तो सांवेरच्या रस्त्याला एका मोठ्या कामावर आहे. त्याच्या हाताखाली माणसं आहेत, त्यांच्यावर तो सकाळपासून ओरडतो, आणि घरी येईपर्यंत त्याच्याजवळचा सगळा राग संपलेला असतो. आई चहा देते, तो पितो, बाबांशेजारी बसून बातम्या बघतो आणि काही बोलत नाही. मी ऑफिसातून येते आणि मुद्दाम एखादा विषय काढते, पुलाचा, रस्त्याचा, कशाचाही. तो म्हणतो, होईल ग, सरकारचं काम आहे, वेळ लागतो. मग मीच एकटी रागावत बसते.

सांवेरवाली पास झाली. काकाही पास झाला. आमचा काका परवानाधारक वायरमन आहे.